ज्या संघाला पडायची भीती नव्हती

१ ऑक्टोबर १९८०. लंडनचं अप्टन पार्क मैदान. वेस्ट हॅमचा युरोपियन कप विनर्स कपचा सामना आहे, आणि स्टँड रिकामे. माद्रिदच्या पहिल्या लढतीत त्यांच्या प्रेक्षकांनी दंगा केला, म्हणून हा सामना बंद दाराआड. समोर होता कॅस्टिया, म्हणजे रिअल माद्रिदचा राखीव संघ. क्लबच्या अकादमीतून वर आलेल्या पोरांना तयार करण्यासाठीचा.

‘अकादमीची पोरं खालच्या डिव्हिजनच्या संघाला हरवतील का?’ हा वाद फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येक ग्रुपवर कधी ना कधी होतो. मला त्यावर या लढतीइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. कारण वेस्ट हॅम त्या वेळी इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता, आणि कॅस्टिया स्पेनच्या.

कॅस्टिया तिथवर नशिबाने पोहोचला नव्हता. १९७९-८०च्या कोपा देल रेमध्ये त्याने एर्कुलेस, अ‍ॅथलेटिक बिलबाओ, रिअल सोसिएदाद आणि स्पोर्टिंग हिहोन हे पहिल्या श्रेणीचे चार संघ बाद केले. अंतिम फेरीत समोर आला खुद्द रिअल माद्रिद. धाकट्यांनी थोरल्यांकडून ६-१ असा मार खाल्ला. पण रिअलने लीगही जिंकली होती, त्यामुळे कप विनर्स कपमधली जागा उपविजेत्यांना मिळाली.

माद्रिदमध्ये कॅस्टिया ३-१ने जिंकला. लंडनमध्ये नव्वद मिनिटांनंतर वेस्ट हॅम ३-१ने पुढे, म्हणजे एकूण बरोबरी. जादा वेळेत डेव्हिड क्रॉसने आणखी दोन गोल करून हॅटट्रिक पुरी केली. वेस्ट हॅम ५-१. मला यातून एवढंच दिसतं, की दोन बाजूंमध्ये अंतर होतं ते अर्ध्या तासाचं. पायातल्या कसबात पोरं कमी नव्हती. त्यांच्यातले गायेगो आणि अगुस्तीन पुढे रिअलच्या मुख्य संघातून खेळले.

खरा फरक मैदानाबाहेर होता. वेस्ट हॅमने त्याच मोसमात दुसरी डिव्हिजन जिंकली आणि तो वर गेला. कॅस्टियानेही १९८३-८४मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकली, पण वर गेला नाही. राखीव संघाला आपल्या मुख्य संघाच्या श्रेणीत खेळता येत नाही, असा तिथला नियम.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट झालं. १७ वर्षांखालचा विश्वचषक २०१७मध्ये भारतात झाला. त्यात खेळलेल्या मुलांना मोठ्यांच्या सामन्यांचा सराव मिळावा म्हणून फुटबॉल महासंघाने इंडियन अ‍ॅरोज हा संघ पुन्हा उभा केला आणि थेट आय-लीगमध्ये उतरवला. नोव्हेंबरमध्ये गोव्यात पहिलाच सामना, चेन्नई सिटीविरुद्ध. निकाल ३-०, त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. हाच चेन्नई सिटी पुढच्या मोसमात आय-लीगचा विजेता झाला.

पण लीग म्हणजे एक सामना नव्हे. दर आठवड्याला अंगावर येणारे धिप्पाड बचावपटू, लांबलांबचे प्रवास, कॉर्नरच्या वेळची ढकलाढकली. अठरा सामन्यांनंतर अ‍ॅरोज तळाला, दहाव्या क्रमांकावर होते. तरी ते खाली जाणार नव्हते. त्यांना घसरणीतून सूट होती. खाली जाण्याची पाळी आली नवव्या क्रमांकावरच्या चर्चिल ब्रदर्सवर, आय-लीग दोनदा जिंकलेल्या गोव्याच्या क्लबवर! नंतर दाद मागून चर्चिल लीगमध्ये परतला, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या वर्षी अ‍ॅरोज अकरा संघांत आठवे आले, मागच्या वर्षीच्या विजेत्या मिनर्व्हाच्याही वर. म्हणजे पोरं शिकत होती. जॅक्सन सिंगसारखे खेळाडू त्यातून भारतीय संघात पोहोचले. त्यामुळे प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही. पण २०२२मध्ये तो गुंडाळला गेला, तेव्हा एक प्रश्न मागे उरला. ज्याला पडायची भीतीच नाही, त्याला लीगच्या तक्त्यात मोजायचं कसं?

व्यावसायिक खेळाडू खेळतो तेव्हा पुढच्या वर्षीचा करार, घराचं भाडं, क्लबचं अस्तित्व त्याच्या पायात असतं. इंग्लंडमध्ये २०१६पासून अकादमीचे संघ ईएफएल ट्रॉफीत घेतले, तेव्हा खालच्या डिव्हिजनच्या अनेक चाहत्यांनी स्टेडियमकडे पाठ फिरवली ती याचसाठी. त्यांना पोरांचा राग नव्हता. आपला क्लब कुणाच्या तरी सरावाचं साधन होतोय, हे त्यांना खटकत होतं.

मला स्पेनची पद्धत त्यातल्या त्यात रास्त वाटते. तिथे राखीव संघाला अगदी वर जाता येत नाही, पण खाली पडावं लागतं. २०१४मध्ये कॅस्टिया दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरला. रिअल माद्रिदने त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकली होती. तरी कुणी सूट दिली नाही.