कवचधर प्राण्यांचा बुरशीविरोधी प्रतिकार

कोळंबी, खेकडे, शेवंड, क्रेफिश या कवचधर प्राण्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. बुरशीशी त्यांचा सामना मुख्यतः जन्मजात प्रतिकारशक्तीच्या बळावर होतो. पहिला अडथळा कायटिनयुक्त कवचाचा असतो. जखम झाली किंवा कात टाकल्यावर नवे कवच मऊ असले, की कवकतंतूंना आत शिरायला वाट मिळते.

बुरशीच्या पेशीभित्तीतील बीटा-१,३-ग्लुकान ही शर्करा कवचधरांच्या स्वतःच्या ऊतकांत नसते, म्हणून रक्तातील प्रथिने तिला परकी म्हणून ओळखतात. मग दाणेदार रक्तपेशी आपले कण बाहेर टाकतात, प्रथिनभंजक एंझाइमांची साखळी सुरू होते आणि निष्क्रिय प्रोफिनॉलऑक्सिडेज सक्रिय होऊन शेवटी काळे मेलानिन तयार होते. कवकतंतू त्यात कोंडले जातात. वाटेत तयार होणारी क्विनोने बुरशीला विषारी असतात, पण प्राण्यालाही घातक ठरतात. म्हणून पॅसिफास्टिनसारखी रोधक प्रथिने ही साखळी आवरून धरतात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात केनेथ सॉडरहॉल व सहकाऱ्यांनी क्रेफिशवर केलेले काम या विषयाचा पाया आहे.

हे सारे किती लवकर घडते, यावर जगणे-मरणे ठरते. १८६० च्या सुमारास उत्तर इटलीत दिसलेली आणि १९०७ मध्ये स्वीडनला पोहोचलेली क्रेफिशची साथ हे त्याचे सर्वांत विदारक उदाहरण. तिचे कारण असलेला अफॅनोमायसिस अस्टासी हा खरी बुरशी नव्हे, ऊमायसीट गटातला जीव आहे. मात्र त्याच्याही भित्तीत हे ग्लुकान असते. युरोपातील नोबल क्रेफिशमध्ये ही यंत्रणा संसर्गानंतर जागी होते आणि बहुधा उशीर झालेला असतो. अमेरिकी सिग्नल क्रेफिशमध्ये प्रोफिनॉलऑक्सिडेजचे जनुक सतत जोमाने कार्यरत असते. त्यामुळे तंतू कवचातच मेलानिनमध्ये अडकतात; पण ते पुरते मरत नाहीत आणि प्राणी रोगवाहक बनतो. १९६० च्या दशकात स्वीडनने हाच रोगसह प्राणी मुद्दाम आणून सोडला. एका जातीची प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीच्या मुळावर आली.

कोळंबीच्या तळ्यांत फ्युझेरियम बुरशीमुळे कल्ले काळे पडतात. तो काळेपणाही बुरशीचा नसून मेलानिनचा, म्हणजे प्राण्याच्या झुंजीचा असतो. प्रतिकार वाढवण्यासाठी खाद्यात यीस्टचे ग्लुकान मिसळतात; त्याचा परिणाम मात्रेनुसार आणि कालावधीनुसार बदलतो.

अंड्यांचे रक्षण काही वेळा जीवाणू करतात. पॅलेमॉन मॅक्रोडॅक्टिलस या कोळंबीच्या अंड्यांवरील जीवाणू आयसॅटिन हे संयुग स्रवतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे जीवाणू काढून टाकलेली अंडी लॅजेनिडियम या बुरशीसदृश जीवाच्या संसर्गाने लवकर मेली. जीवाणू पुन्हा लावलेली, किंवा नुसत्या आयसॅटिनमध्ये बुडवलेली अंडी बहुतांशी तगली.