तेर: पांढरीतला एक मणी

आज जाऊया धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेरणा नदीकाठचं गाव. चहाची टपरी, कृषी सेवा केंद्र, मोबाईलचं दुकान. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात आलं, हेच का ते तगर?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं एक ग्रीक पुस्तक आहे, दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर असल्याचं म्हटलंय. इथलं कापड, जाडंभरडंही आणि तलमही, गाड्यांत भरून खडतर वाटांनी पार भडोच बंदराला जायचं.

गावातल्या संग्रहालयात एक छोटीशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, पॉम्पेईत सापडली. आणि पॉम्पेई तर ७९ सालीच ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं होतं! विचार करा, कुठे तेर, कुठे पॉम्पेई.

या संग्रहालयाचं मूळ म्हणजे तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तू. त्यांनी त्या जपल्या नसत्या, तर किती गोष्टी कुठल्या कुठे गेल्या असत्या!

गोरोबाकाकाही इथलेच. गोष्ट माहितीच असेल. थापटण्यानं एकेका संताचं डोकं ठोकून त्यांनी कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं. नामदेव चिडले, तर काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

आता माझं ऐका. गावाबाहेर पांढरीच्या टेकाडावर फिरत होतो. नुकताच पाऊस झालेला. चिखलात एक लालसर मणी चमकला. मी उचलला, मातीही न पुसता खिशात टाकला.

शेजारून जाणारे एक आजोबा हसले. "पाऊस झाला की वर येतेत बाळा. लहानपनी आमी गोट्या खेळायचो त्येच्यानं."

"मग घरी नेला तर चालेल?"

"ने की. पर पुण्यात त्यो नुसता मणीच ऱ्हाईल."

खरंच होतं. कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी सापडला, हे गेलं की मणी मुका होतो. दोन हजार वर्षांचा पत्ता मी एका सेकंदात पुसणार होतो. गुपचूप तो होता तिथेच ठेवला.

गोरोबाकाकांच्या गावात मडकं कच्चं निघालं ते माझंच!

तुमच्या गावातही अशी पांढर असेलच. बघा, फोटो काढा, पण मणी तिथेच राहू द्या. भेटू पुढच्या भागात.