झिलई (मृत्पात्रांची)

भाजलेल्या मातीच्या पात्रावर अग्नीच्या योगाने वितळून एकजीव झालेला काचेचा पातळ थर म्हणजे झिलई. हल्लीचे कलाकुंभार तिला ग्लेझ म्हणतात. ही काच गारेची, म्हणजे सिलिकेची, होते. परंतु गार एकटी १७०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळत असल्यामुळे, तिला लवकर पातळ करणारे सोडा व चुना यांसारखे द्रावक आणि पातळ झाल्यावर उभ्या भिंतीवरून तिला ओघळू न देणारी चिनीमाती, अशा तिघांचा मेळ साधावा लागतो. वऱ्हाडातील कुंभाराने माठाला झिलई दिली नाही हे योग्यच केले. छिद्रे बुजली की माठातले पाणी गार होत नाही.

झिलईची द्रव्ये मात्र या मुलखात पूर्वापार ठाऊक आहेत. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात, मेहकर-लोणारकडील डोंगरांत काच व साबण यांस लागणारे सर्व जिन्नस मिळतात आणि तेथील हशिलाने सरकारात चांगली भर पडते, अशी नोंद आहे. लोणारच्या क्षारास दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे होती. आता लोणारचे सरोवर संरक्षित असल्याने प्रयोगास बाजारचा धुण्याचा सोडाच घ्यावा लागतो. तोही पाण्यात विरघळून कच्च्या भांड्यात मुरत असल्यामुळे आधी गारेबरोबर वितळवून, पाण्यात विझवून, त्या काचेची वस्त्रगाळ पूड करावी लागते.

याहून सोपी आणि माझ्या मते अधिक सुंदर वाट वऱ्हाडातल्याच देऊळगाव राजा या गावाच्या पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात निम्म्याच्या आसपास सिलिका, दशांशाहून अधिक लोहभस्म आणि शिवाय चुना असतो. निसर्गाने जवळजवळ सिद्ध करून ठेवलेली ही झिलईच होय. गिट्टीच्या खाणीवरील भुकटी वस्त्रगाळ करावी, पऱ्हाट्यांची किंवा तुराट्यांची राख चाळून घ्यावी, आणि एकीचा अंश दहा-दहा टक्क्यांनी घटवीत व दुसरीचा तितकाच वाढवीत अकरा ठिकऱ्यांवर लेप द्यावा. सुमारे १२५० अंशांस भाजलेली चांगली ठिकरी हातात घेतली, तर कडेला, लेप विरळ असेल तेथे, गंजासारखा तांबूस रंग दिसतो, आणि खळगीत, रस साचला असेल तेथे, ओल्या काळ्या शेतासारखी गडद छटा. गावच्या आव्यात भाजणारी माती हा ताव सोसत नाही. त्यासाठी अग्निसह मातीचेच भांडे हवे. राख दर हंगामाला बदलते, म्हणून शेत, महिना आणि वजन वहीत टिपल्यावाचून तीच झिलई दुसऱ्यांदा हाती येत नाही.

कलाकुंभार निर्मला पटवर्धन यांनी शांतिनिकेतनात व पुढे युरोपात शिक्षण घेऊन झिलईचा असाच चिकाटीने अभ्यास केला आणि ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ या ग्रंथात आपली प्रमाणे सर्वांस खुली केली. गुरूकडून शिष्यापासूनही लपविल्या जाणाऱ्या विद्येत हे औदार्य फार मोलाचे आहे.

पृष्ठावर बारीक तडे पडल्यास झिलई भांड्यापेक्षा अधिक आकसली असे समजून सोडा कमी करावा व गार वाढवावी. शिसे लवकर वितळते आणि मोहक चमक देते. तरी चिंचेच्या सारात वा लोणच्यात ते उतरत असल्यामुळे खाण्याच्या भांड्यास कदापि वापरू नये. निर्दोष वाटणाऱ्या झिलईवरही लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहावी. सकाळी रंग फिका पडलेला दिसला, तर ते भांडे फुलांपुरतेच ठेवावे.