नाकाचे माप

मालवण तालुक्यातील कट्ट्याहून कोणी मालवण बंदराकडे चालत निघाला, तर वाटेत भेटणाऱ्या माणसांची जात त्याला चेहऱ्यावरून ओळखता येईल काय? आडनाव विचारावे, वाडी विचारावी, म्हणजे उलगडा होतो. नुसती मुद्रा पाहून होत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगावयास नको. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी एक वजनदार अधिकारी नेमके याच्या उलट सांगत होता, आणि त्याचे म्हणणे शास्त्र म्हणून चालत होते.

हा अधिकारी म्हणजे १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख सर हर्बर्ट रिस्ले. नाकाच्या रुंदीला उंचीने भागावयाचे, शंभराने गुणावयाचे, आणि जो आकडा येईल तो जितका मोठा तितकी जात हलकी, असा त्याचा सिद्धांत होता. वरचे ते आर्य, खालचे ते अनार्य! ऐकावयास हे निरुपद्रवी वाटते. पण यातून निघणारा अर्थ भयंकर होता. अस्पृश्यता जर वंशातूनच आली असेल, तर ती कोणी लादली हा प्रश्नच उरत नाही. वंशाच्या अशाच कल्पनेवर उभ्या असलेल्या ‘लढवय्या जातीं’च्या धोरणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्याचे दार बंद झाले होते, पेन्शनर सुभेदारांच्या कोकणातील घरांना त्याची झळ चांगलीच लागली.

या मापांची फेरतपासणी करणारा विद्वान मालवणातच जन्मला, हा योग मोठा मौजेचा आहे. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ चा. केंब्रिज येथे रिव्हर्स व हॅडन यांच्या हाताखाली अध्ययन करून ते पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक झाले. १९३२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी प्रांतोप्रांतीच्या मापांची छाननी केली. उत्तर हिंदुस्थानात रिस्लेच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, असे त्यांनी मान्य केले. इतरत्र मात्र नाकाची चढण आणि मानाची चढण जुळत नाही, असे दाखविले.

डॉ. आंबेडकरांनी हे हत्यार उचलले आणि घुर्ये थांबले त्याच्या पलीकडे नेले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी या मापांवरूनच निष्कर्ष काढला की, ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविडच. (जातवार सवलतींना घुर्ये यांचा विरोध होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. शास्त्राचा उपयोग कोण कशासाठी करील, हे शास्त्रज्ञाच्या हाती नसते.) वंशभेद नाकारणाऱ्या याच आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील नीग्रो पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांस पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. यात विसंगती नाही. वंश एक असो वा दोन, अपमानाची जात एकच होती.

मग अस्पृश्यता आली कोठून? पराभूत टोळ्यांतील फुटलेले लोक गावाबाहेर राहिले. ते बौद्ध होते, गोमांस सोडीनात, म्हणून इ. स. ४०० च्या सुमारास बहिष्कृत ठरले, असे आंबेडकरांचे उत्तर होते. इतिहास म्हणून त्याला पुराव्याचा आधार अपुरा आहे, असे मला वाटते. ज्या ठिकाणी दुवे सापडत नाहीत तेथे तर्काने ते जोडावे लागले, हे त्यांनीही लपविले नाही. पण या उपपत्तीने जखमेचे निदान बदलले. हीन जन्माचा डाग जाऊन त्या जागी हरवलेल्या धर्माची आठवण आली. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्याच्या शेजारीच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे ही आठवण कोकणात परकी का वाटली नाही, ते कळते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला चंद्रमणी महास्थविरांकडून आंबेडकरांनी दीक्षा घेतली, आणि मग जमलेल्या लक्षावधी अनुयायांना स्वतःच दिली. त्यानंतर पन्नासएक दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांचे निधन झाले. दीक्षेबरोबर ज्यांनी जुनी जात टाकली, त्यांना त्या जातीपोटी केंद्राकडून मिळणाऱ्या सवलतींनाही मुकावे लागले. अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले.