अ‍ॅसिडमध्ये धातू का झिजतो आणि इनहिबिटर त्याला कसा वाचवतो?

मागच्या वर्षी मी एक गाढवपणा केला. बोअरच्या पाण्यामुळे इलेक्ट्रिक केटलच्या तळाला क्षारांचा पांढरा थर साचला होता. तो काढायला मी बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड ओतलं आणि विसरून गेलो. थर गेला, पण स्टीलवर बारीक खड्डे पडले आणि केटल फेकून द्यावी लागली.

नेमकं काय होतं?

हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून द्रावणात उतरतात. हेच इलेक्ट्रॉन अ‍ॅसिडमधले हायड्रोजन आयन घेतात आणि हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. या दोन्ही क्रिया जोडीने चालतात, म्हणून एक अडवली की दुसरीही मंदावते.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर स्टीलला गंजण्यापासून वाचवतो. पण क्लोराइड आयन हा थर जागोजागी फोडतात आणि तिथेच खड्डे पडतात.

इनहिबिटर काय करतो?

अ‍ॅसिडमध्ये थोडासाच मिसळायचा हा पदार्थ. त्याच्या रेणूत बहुतेक वेळा नायट्रोजन, गंधक किंवा ऑक्सिजन असतो. हे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि अ‍ॅसिडची वाट अडवतात. क्षारांवर मात्र अ‍ॅसिडचं काम चालूच राहतं. लोखंडासाठी हेक्सामीन हे नेहमीचं उदाहरण.

इनहिबिटरचा परिणाम वजनावरून मोजतात. समजा, साध्या अ‍ॅसिडमध्ये पट्टीचं वजन १०० मिलिग्रॅम घटलं आणि इनहिबिटर घातल्यावर १० मिलिग्रॅमच घटलं, तर कार्यक्षमता ९० टक्के.

तेलविहिरींची गोष्ट

चुनखडीतल्या विहिरीत अ‍ॅसिड सोडून तेलाचा प्रवाह वाढवायची पद्धत अमेरिकेत १८९० च्या दशकातच निघाली होती. पण अ‍ॅसिड लोखंडी पाइपही खायचं, त्यामुळे ती मागे पडली. १९३२ मध्ये मिशिगनमध्ये डाऊ केमिकलने अ‍ॅसिडमध्ये आर्सेनिकचा इनहिबिटर वापरला आणि ही पद्धत पुन्हा सुरू झाली. आर्सेनिक विषारी असल्याने पुढे सेंद्रिय इनहिबिटर आले.

मर्यादा

इनहिबिटर झीज कमी करतो, पूर्ण थांबवत नाही. तापमान वाढलं की झीज वाढते आणि बरेच इनहिबिटर सुटू लागतात. शिवाय लोखंडाला चालणारा इनहिबिटर तांब्याला किंवा अ‍ॅल्युमिनियमला चालेलच असं नाही.

म्हणून घरी केटलसाठी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, पाण्यात घालून वापरा. आणि बाथरूमचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.