घरातील धूळ ते माइट : दम्याच्या एका कारणाचा शोध (१९२१–१९८१)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक दमेकऱ्यांच्या व्याधीचे कारण वैद्यकाला एका मोघम शब्दातच सांगता येत होते : धूळ. अमेरिकेत १९२१ मध्ये कर्न यांनी व १९२२ मध्ये रॉबर्ट कूक यांनी घरातील धुळीचा अर्क त्वचेत टोचल्यास अनेक रुग्णांना गांध उठते, हे नोंदविले. परागकण, प्राण्यांचे केस इत्यादी ज्ञात घटक वगळले तरी धुळीत काहीतरी शिल्लक राहत होते. ते काय, हे निश्चित होण्यास चार दशके लागली. या विलंबाची मीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

उत्तराच्या जवळ पोहोचलेले संशोधक त्याही काळी होते. नेदरलँड्समधील लायडन येथील औषधशास्त्रज्ञ स्टॉर्म व्हॅन लीउवेन यांनी ॲलर्जीजनकांपासून मुक्त अशा खोल्या उभारून त्यांत रुग्ण ठेवले आणि त्यांना आराम पडतो असे दाखविले. दमट प्रदेशात दमा अधिक व उंच आल्प्समध्ये कमी, हेही त्यांच्या ध्यानी आले होते. १९२८ मध्ये जर्मनीत डेकर यांनी तर रुग्णांच्या अंथरुणातील धुळीत माइट पाहून त्यांचा दम्याशी थेट संबंध जोडला. तो लेख प्रसिद्ध झाला आणि विस्मृतीत गेला. ज्या प्रजातीवर पुढे बोट ठेवले गेले, तिचे वर्णन ट्रुएसार यांनी १८९७ मध्येच केलेले होते. म्हणजे जीव प्राणिशास्त्राला ठाऊक होता, व्याधी वैद्यकाला ठाऊक होती. परंतु दोन्ही ज्ञानशाखांची गाठ पडली नव्हती. विलंबाचे मुख्य कारण साधनांच्या अभावापेक्षा या दुराव्यात शोधावे लागते. डेकर यांच्याकडील सूक्ष्मदर्शक पुरेसा होता!

ही गाठ पुन्हा लायडनमध्येच पडली. वैद्य रेइंडर्ट व्होरहोर्स्ट, जीवशास्त्रज्ञ फ्रिट्स स्पीक्स्मा व व्हारेकाम्प यांनी १९६४ मध्ये हा प्रश्न उघडपणे मांडला आणि १९६७ मध्ये सविस्तर पुरावा दिला. ओलसर घरांतील धूळ अधिक प्रभावी का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना 'डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस' या माइटमध्ये मिळाले. सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीचा हा अष्टपाद जीव मानवी त्वचेच्या कोंड्यावर जगतो, पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषतो. साहजिकच कोरड्या, उंच प्रदेशात तो तग धरत नाही. धुळीतील माइटची संख्या व धुळीची तीव्रता यांचा मेळ बसला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या माइटचा अर्कही धुळीच्या अर्काप्रमाणेच प्रतिक्रिया देऊ लागला. स्टॉर्म व्हॅन लीउवेन यांच्या हवामानविषयक निरीक्षणांचा अर्थ येथे उलगडला.

पुढील टप्पा इंग्लंडमधील. १९८० मध्ये चॅपमन व प्लॅट्स-मिल्स यांनी मुख्य ॲलर्जीजनक प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळविले. १९८१ मध्ये टोव्ही यांच्यासह त्यांनी दाखविले की, ते प्रामुख्याने माइटच्या विष्ठेत असते. तिचे कण तुलनेने जड असल्याने गादी-उशी हलविल्यावर उडतात व लवकरच खाली बसतात. त्यामुळे शांत खोलीतील हवेत ते फारसे सापडत नाहीत.

कारण सापडले, तरी प्रतिबंध तितकासा साधला नाही. २००८ मध्ये ५४ चाचण्यांचा आढावा घेताना गॉट्शे व योहान्सेन यांना माइट-नियंत्रणाच्या रासायनिक वा भौतिक उपायांनी दमेकऱ्यांना लाभ होतो असे आढळले नाही.