गाडी चालवून पाहण्याचा हक्क : कल्याण-डोंबिवलीच्या वाटेवरील एक विस्मृत अध्याय

धागा 🧵

१/ कल्याण-शिळ रस्त्याने शिळफाट्याकडे निघाले की डोंबिवलीलगत ‘प्रीमियर कॉलनी मैदान’ लागते. राजकीय सभा, महोत्सव, मेळावे यांमुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. पण ‘प्रीमियर’ कोण? या एका शब्दात भारतीय मोटारउद्योगाच्या अर्ध्या शतकाचा इतिहास दडलेला आहे. आज त्याविषयी.

२/ आज आलिशान सेदान घ्यायची तर माणूस चार शोरूम फिरतो, चार गाड्या चालवून पाहतो, तुलना करतो आणि मग निर्णय घेतो. ही गोष्ट इतकी सहज झाली आहे की तिलाही इतिहास असेल, हे ध्यानातच येत नाही. वस्तुतः स्वतंत्र भारताच्या पहिल्या चार दशकांत ‘चालवून पाहून निवडणे’ ही कल्पनाच जवळपास निरर्थक होती.

३/ कथा सुरू होते सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्यापासून. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने भारतात घडावीत, असा त्यांचा ध्यास. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळुरूचा विमान कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली.

४/ पुढे प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. १९५४ पासून फियाट ११०० येथे तयार होऊ लागली. तिच्याच वंशातली पुढची गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की डोळ्यांसमोर येते ती हीच.

५/ त्या काळी ग्राहकापुढे पर्याय किती? फियाट ११००, अँबॅसडर आणि स्टँडर्ड हेरल्ड. उत्पादनाची मर्यादा परवान्याने ठरे. १९५९ च्या आदेशाने गाड्यांची विक्री व वाटप नियंत्रणाखाली आले. १९६९ मध्ये सरकारने किमतीही ठरवून दिल्या आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ग्राहक अनामत भरून नाव नोंदवी आणि वर्षानुवर्षे वाट पाही.

६/ अशा बाजारात चाचणी-फेरीला अर्थ नव्हता. जी गाडी मिळेल ती घ्यायची, एवढाच प्रश्न. किंबहुना हाती आलेली गाडी विकली तर खरेदीच्या किमतीहून अधिक पैसे मिळत. वस्तू दुर्मिळ असली की तिच्या गुणदोषांची चर्चा थांबते. ग्राहक तेव्हा परीक्षक नव्हता, अर्जदार होता.

७/ चित्र पालटले ते १९८० च्या दशकात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. पाठोपाठ परदेशी तंत्रज्ञान आणण्यावरचे निर्बंध काहीसे सैल झाले. जुन्या तिन्ही कंपन्यांना उमगले की लहान गाडीत मारुतीशी झुंज अवघड आहे. मग त्यांनी मोर्चा वळवला वरच्या वर्गाकडे. भारतातील ‘आलिशान सेदान’ची पहिली खरी स्पर्धा ती हीच.

८/ पहिली स्पर्धक : हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा, १९८४. बंगालमधील उत्तरपाड्याची. देह ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा, १९७२ साली तेथे बाजारात आलेल्या व्हिक्टर एफई मालिकेचा. लांबरुंद, ऐटबाज, आत ऐसपैस जागा. पण बॉनेट उघडले की समोर अँबॅसडरचेच १४८९ सीसीचे इंजिन, सुमारे ५० अश्वशक्तीचे. पैलवानाचा अंगरखा, आत किरकोळ देह.

९/ दुसरी : मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची स्टँडर्ड २०००, १९८५. हिचा देह म्हणजे ब्रिटनची रोव्हर एसडी-१. ती गाडी १९७७ ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ ठरली होती. ब्रिटनमध्ये तिच्यात साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसे. भारतात बसले ते १९९१ सीसीचे, ज्याचे मूळ १९४० च्या दशकातील स्टँडर्ड व्हँगार्डमध्ये होते.

१०/ तिसरी : प्रीमियरची ११८ एनई, १९८५. देह मूळचा फियाट १२४ चा, जी १९६७ ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ होती. प्रीमियरने तो घेतला स्पेनच्या सेआट कंपनीकडून, साचे व यंत्रसामग्रीसह. इंजिन मात्र जपानच्या निस्सानचे : ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. नावाचा उलगडा यातच आहे. ११८ म्हणजे जवळपास १.१८ लिटर आणि एनई म्हणजे निस्सान इंजिन.

११/ येथे क्षणभर थांबून जगाकडे पाहू. हीच फियाट १२४ सोव्हिएत संघात व्होल्गाकाठच्या तोल्याट्टी शहरी गेली आणि तिची ‘लाडा’ झाली. एकाच इटालियन आराखड्यावर स्पेनमध्ये सेआट, रशियात लाडा आणि भारतात ११८ एनई उभी राहिली. शीतयुद्धाच्या दोन्ही गोटांत आणि अलिप्त देशातही एकच गाडी धावत होती.

१२/ आता तिघींना एका रांगेत उभे करू. काँटेसात आकार आणि आराम, पण ताकद तोकडी. स्टँडर्डमध्ये देखणेपणा आणि मोठे इंजिन, पण ते इंजिन त्या देहाच्या कितीतरी आधीच्या पिढीचे. ११८ एनई आकाराने सर्वांत लहान, इंजिनही सर्वांत लहान. तरीही तिची अश्वशक्ती काँटेसाच्या बरोबरीची. लिटरमागे हिशेब केला तर काँटेसा सुमारे ३४, ११८ एनई सुमारे ४४.

१३/ म्हणजे ‘चपळ’ या विशेषणाला जवळची गाडी कागदावर सर्वांत लहान होती. पद्मिनीत स्टिअरिंगपाशी असलेला गिअर येथे दोन आसनांच्या मध्ये जमिनीवर आला. इंजिन जपानी आणि तुलनेने नव्या पिढीचे. पद्मिनीवर हात बसलेल्या मुंबई-ठाण्याच्या चालकाला हा फरक बसल्याबरोबर जाणवण्यासारखा होता.

१४/ पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : तिन्ही गाड्यांत देह एका देशाचा आणि हृदय दुसऱ्याचे किंवा दुसऱ्या काळाचे का? उत्तर आहे परकीय चलन. नवा आराखडा आणि नवी यंत्रसामग्री विकत घेणे महाग. युरोपात उत्पादन थांबलेल्या गाडीचे वापरलेले साचे मात्र आवाक्यातले. जमेल तेथे घरचेच इंजिन बसवले की आयात आणखी घटे.

१५/ म्हणून या गाड्यांची चाचणी म्हणजे नकळत धोरणाचीही चाचणी होती. चढावर काँटेसा दमली तर तो केवळ इंजिनाचा दोष नव्हे. आयात-परवान्याचा, चलनटंचाईचा आणि स्पर्धेविना गेलेल्या तीन दशकांचा भार ती ओढत होती. यंत्र हेही ऐतिहासिक साधनच आहे. ताम्रपटासारखे तेही वाचता येते, फक्त त्याची लिपी निराळी.

१६/ निकाल काय लागला? स्टँडर्ड २००० चे उत्पादन १९८८ मध्ये थांबले. काँटेसाने धडा घेतला आणि जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन व पाच गिअर स्वीकारले. तेव्हा कुठे देहाला साजेसे बळ आले. ११८ एनई टिकून राहिली. पण १९९० मध्ये मारुती १००० आली आणि सारा डावच बदलला.

१७/ मारुती १००० चे इंजिन केवळ ९७० सीसीचे, ४६ अश्वशक्तीचे. आकडे सर्वांत कमी. पण गाडी हलकी, पुढच्या चाकांवर चालणारी आणि मुख्य म्हणजे आराखडा शिळा नव्हता. मागणी इतकी की सोडत काढावी लागली. जुन्या तिघींच्या स्पर्धेत जिंकली ती चौथीच. कारण ग्राहकाने आकार पाहिला नाही, काळ पाहिला.

१८/ १९९१ मध्ये आर्थिक धोरण बदलले. मोटारींवरचे परवाना-बंधन मात्र उठले १९९३ मध्ये. त्याच सुमारास प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली : पाल-प्यूजो. नव्या गाडीसाठी स्थान ठरले कल्याणचा कारखाना. १९९४ मध्ये तेथून प्यूजो ३०९ बाहेर पडली. ठाणे जिल्ह्यात युरोपीय मोटार घडू लागली.

१९/ या ३०९ चा जन्मही रंजक आहे. ती मूळची प्यूजो नव्हेच. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री परिसरात टॅल्बो या नाममुद्रेसाठी तिचा आराखडा झाला. टॅल्बोचा अस्त होऊ लागला आणि १९८५ मध्ये ती प्यूजो म्हणून बाजारात उतरली. म्हणजे कल्याणला आलेली ‘फ्रेंच’ गाडी जन्माने इंग्रज होती. युरोपात तिची वारसदार ३०६ ही १९९३ मध्येच आली होती.

२०/ तरीही भारतात ती नवीच होती. १३६० सीसीचे पेट्रोल आणि १५२७ सीसीचे डिझेल, असे दोन पर्याय. प्रवासी गाडीत आधुनिक, आटोपशीर डिझेल इंजिन हे तेव्हाच्या ग्राहकाला मोठे आकर्षण. लोकांनी आगाऊ रक्कम भरून नोंदणी केली. पुन्हा तीच जुनी रीत : पैसे आधी, गाडी नंतर, पारख त्याहून नंतर.

२१/ पण आता काळ निराळा होता. १९९४ मध्ये मारुती एस्टीम आली, १२९८ सीसीची. १९९५ मध्ये देवू सिएलो. त्याच वर्षी पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझची जुळणी सुरू झाली. १९९६ मध्ये हालोलची ओपेल अ‍ॅस्ट्रा आणि नाशिकची फोर्ड एस्कॉर्ट. दहा वर्षांपूर्वी तीन गाड्यांत अडकलेला ग्राहक आता निवड करू लागला.

२२/ निवड आली की निकष बदलतात. इंजिन किती सीसीचे, याइतकेच महत्त्व गाडी किती दिवसांत मिळेल, सुटे भाग कोठे मिळतील, विक्रेता टिकेल का, या प्रश्नांना आले. अर्ध्या तासाच्या फेरीत यातले काहीच कळत नाही. प्यूजो ३०९ चालवायला वाईट होती म्हणून हरली नाही. तिच्यामागची व्यवस्था कोलमडली म्हणून हरली.

२३/ कारखान्यात कामगारसंघर्ष पेटला आणि उत्पादन विस्कळीत झाले. भागीदारांत मतभेद वाढले, विक्रेत्यांकडील येणे थकले. १९९७ मध्ये प्यूजो भारतातून निघून गेली. जेमतेम तीन वर्षांचा संसार. ग्राहकांच्या दारात गाड्या उरल्या, त्यांना सुटे भाग पुरवणारे मात्र उरले नाहीत.

२४/ आणि कामगार? बहुतेक मोटार-इतिहास याच ठिकाणी त्यांना विसरतो. कल्याण-डोंबिवली हा पट्टा केवळ लोकलने मुंबईला नोकरीस जाणाऱ्यांचा नव्हता. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, अंबरनाथ, ठाण्याची वागळे इस्टेट या साखळीत हजारो कुशल हात गुंतले होते. मोटारीचा कारखाना बंद पडतो तेव्हा त्याच्यावर जगणारी लहान वर्कशॉपेही थंडावतात.

२५/ संपाकडे ‘कामगारांचा हट्ट’ किंवा ‘मालकांचा कावा’ अशा एका वाक्यात पाहणे सोपे आहे, पण अपुरे. स्पर्धेविना वाढलेला उद्योग अचानक स्पर्धेत ढकलला गेला. त्याची किंमत कोणी मोजायची, हा त्या संघर्षाचा गाभा होता. भांडवलाला फ्रान्सचा परतीचा रस्ता खुला होता. डोंबिवलीत घर घेतलेल्या फिटरला तसा रस्ता नव्हता.

२६/ ११८ एनई आणि पद्मिनी यांचे उत्पादन २००० नंतर लवकरच संपले. काँटेसाही २००२ च्या सुमारास गेली. पद्मिनी टॅक्सीरूपाने उरली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला.

२७/ कल्याणच्या प्यूजोला असा निरोप मिळाला नाही. कल्याण-शिळ रस्त्याच्या दुतर्फा आज उंच निवासी इमारती आहेत. त्यांच्या वाहनतळांत जपानी, कोरियन, जर्मन सेदान उभ्या असतात. त्यांतील प्रत्येक गाडी कोणीतरी दुसऱ्या दोघींशी ताडून, चालवून पाहून घेतलेली आहे. त्या निवडीची वाट या परिसरातूनही गेली, आणि तिची किंमत या परिसरानेही मोजली.

२८/ म्हणून पुढच्या वेळी नव्या गाडीची चावी हाती घेऊन फेरी माराल तेव्हा एवढे आठवावे : ग्राहक अर्जदाराचा परीक्षक झाला, हा बदल आपोआप घडला नाही. त्यात तीन जुन्या कंपन्या खर्ची पडल्या आणि अनेक कामगारांच्या चुली विझल्या. त्यांच्या आठवणीला वेगळे स्मारक नाही. डोंबिवलीच्या एका मैदानाचे नाव मात्र अजून ‘प्रीमियर’ आहे.

(धागा समाप्त)